माझा हात हलका आहे

३ तारीख, सोमवार

ही वही मिस्त्रीने आणून दिली. म्हणाला, "चुळबुळ, दिवसभर तुझ्या तोंडाचा पट्टा चालू असतो. आता जे काय असेल ते यात लिही, आमचे कान तरी सुटतील." सगळे हसले. मीही हसलो, पण डोकं फिरलं होतं. आठवीत शाळा सोडल्यापासून पेन हातात धरलं ते सही करण्यापुरतं. तरी लिहितो. निदान वही समोर बसून ढेकर देत नाही.

एक नियम आधीच ठरवून टाकतो. इथे बाबा सोडून सगळ्यांना अरे-तुरे. तोंडावर अहो-जाहो करावं लागतं तेवढं बास झालं.

आज सकाळी कपाटाच्या दारावर पुन्हा अंगठा! शनिवारी मारलेला पॉलिशचा कोट काय सुंदर बसला होता. एक कण नाही, एक ओघळ नाही. आणि कडेपासून चार बोटं आत कोणीतरी अंगठा टेकवून ठेवलेला, जणू पाटीपेन्सिलीशिवाय वाढलेल्या माणसाने सही केली. माणसाचा हात किती घाणेरडा असतो ते पॉलिशवर कळतं. घाम, तेल, कुठे कुठे खाजवून आलेली बोटं, सगळं छापून येतं.

मालक आला. त्याची एक सवय आहे. चावी कानात घालून गोल फिरवतो, मग काढून बघतो, मग तीच चावी आपल्या हातात देतो. ती फिरवत फिरवत म्हणाला, "कोणाचे हात शिवशिवतात रे?" पॉलिशला आम्ही तिघंच. मिस्त्री, ढब्बू आणि मी. पुढच्या बाजूच्या सुतारांना आत यायला बंदी आहे. मिस्त्रीने ढब्बूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बघतो मी." बघितलं काहीच नाही. दार माझ्याकडे ढकललं. "तूच घास. तुझ्याइतकं साफ कोणी घासत नाही."

ते मात्र खरं आहे. सगळे वर जेवायला गेले तरी मी घासत होतो.

४ तारीख, मंगळवार

मोठी बातमी. मिस्त्री चालला. त्याची मुलगी त्याला कायमचा घरी बोलावतेय, गुडघेही गेलेत त्याचे. एका कंपनीच्या बैठकीच्या खोलीसाठी लांबलचक टेबल करायचंय. काळं, आरशासारखं, वाकलं की आपलं तोंड दिसलं पाहिजे असं. ते टेबल गेलं की मिस्त्री पण जाणार. मग त्याच्या जागी कोण? मालक सरळ बोलला, "तुम्ही दोघं आहात. टेबलाच्या कामावर ठरवू." मिस्त्री होणाऱ्याला रंगाच्या कपाटाची चावी मिळते. तीच, कानातली. चालेल. धुऊन घेईन.

घर सोडलं तेव्हा बाबा दाराशीसुद्धा आले नव्हते. आतूनच म्हणाले, "त्याच्या हातून एक गोष्ट धड पुरी होणार नाही." आणि दाजी, म्हणजे ताईचा नवरा, स्टँडवर सगळ्यांसमोर म्हणाला, "मिस्त्री झालास की कळव, त्या दिवसापासून मी तुला अहो म्हणेन." तेव्हाच मनात ठरवलं, मिस्त्री झाल्याशिवाय तोंड दाखवायला जायचं नाही. आई दर फोनला विचारते, कधी येतोस. मी म्हणतो, येतो. आता खरंच जाता येईल.

समोर आहे कोण? ढब्बू! हा माणूस नखात पॉलिश घेऊन जेवतो. शर्टाच्या बाहीला नाक पुसतो आणि त्याच बाहीने कपाळ. आम्हाला दोघांना कारखान्याच्या वरची एकच खोली आहे, त्यामुळे मला सगळं बघावं लागतं. पायाची नखं कापतो आणि तुकडे उडाले की म्हणतो, "सापडतील कधीतरी." सापडतात. माझ्या उशीत.

६ तारीख, गुरुवार

ढब्बू काम कसं करतो ते लिहून ठेवतो, पुढे कोणी विचारलं तर दाखवता येईल.

कोट मारतो. रंग फवारायची बंदूक धुतो. मग पत्र्याचा डबा उलटा घालतो आणि त्यावर बसतो. बास. बसून राहतो! विचारलं तर म्हणतो, "वाळतंय." अरे, वाळतंय ते लाकूड, तू कशाला वाळतोस? समोर भिंत, भिंतीवर पाल, पालीकडे बघत पोटावर हात ठेवून बसलेला माणूस. असल्या माणसाला मिस्त्री करायचं म्हणजे पालीलाच का करू नये.

माझं तसं नाही. माझा कोट वाळेपर्यंत मी दुसऱ्या दोन वस्तू घासायला घेतो, तिसरीचा डबा उघडून ठेवतो. मधेमधे जाऊन पहिलीकडे बघून येतो. ज्याला काळजी असते तो बघणारच. नुसतं बघून कळत नाही, लावून बघावं लागतं. पण माझी पद्धत आहे. अगदी कडेला, हलकेच, अंगठ्याने. आला चिकटपणा की लगेच उचलायचा. माझा हात हलका आहे. आई सुईत दोरा ओवायला मलाच बोलवायची.

आज एकाच वेळी तीन डबे उघडे राहिले आणि एकावर साय धरली. मिस्त्री ती साय काडीने उचलून माझ्या तोंडासमोर नाचवत म्हणाला, "घे, जेवायला." ओकारी येईल असा वास होता. हा माणूस स्वतःला उस्ताद समजतो.

८ तारीख, शनिवार

मिस्त्री आज टेबलाचा काळा रंग कसा बांधायचा, म्हणजे मिसळून तयार करायचा, ते शिकवायला बसला. आधी हे, मग ते, मग थांबायचं, मग उजेडात नेऊन बघायचं. दर वाक्यानंतर तो दात चोखतो. चुक. चुक. दाढेत कालचं जेवण असणार. अर्ध्यातच मला समजलं पुढे काय असेल ते. म्हटलं, "समजलं, मिस्त्री." तो म्हणाला, "समजलं?" म्हटलं, "समजलं, समजलं. मी तोवर पाय घासायला घेतो." ढब्बू बसून राहिला शेवटपर्यंत. त्याला उशिरा समजतं.

टेबलाचे पाय त्यानेच घासले होते काल. मी हात फिरवला, तर मला काही पटलं नाही. सगळे गेल्यावर पुन्हा घासले.

१० तारीख, सोमवार

पुन्हा अंगठा. या वेळी खणाच्या तोंडावर. मी मिस्त्रीला म्हटलं, "हे मुद्दाम चाललंय. आता निवड व्हायची ना, मला बदनाम करायचा डाव आहे." मिस्त्री म्हणाला, "कोणाचा?" मी ढब्बूकडे नुसतं बघितलं. ढब्बू जांभई देत होता. आत सगळं दिसलं, दाढा, पडजीभ, सगळं. चोर इतका निवांत कसा असू शकतो?

मी सापळा लावणार आहे. अजून सांगत नाही. वही कोणी वाचली तर?

११ तारीख, मंगळवार

लावला. घासल्यावर खाली पडते ती पांढरी पूड मी एका कागदात गोळा केली आणि संध्याकाळी वाळवणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी पसरून ठेवली. जो आत जाईल त्याची पावलं उमटणार. ढब्बूचं पाऊल तर हत्तीचं, ओळखायला वेळ नको.

मधे दोनदा मलाच आत जावं लागलं, खणांकडे बघायला. पण मी बाजूने गेलो.

१२ तारीख, बुधवार

अशी घाणेरडी सकाळ आयुष्यात बघितली नव्हती.

वाळवणीच्या खोलीत हवा ओढणारा पंखा असतो. तो चालू होता. माझ्या लक्षात होतं, पण एवढी पूड उडेल असं वाटलं नाही. सगळी पूड आत. खणांवर, फळ्यांवर, ओल्या कोटावर बसलेली. हात फिरवला तर मांजराच्या जिभेसारखं खरखरीत. मालक नुसता चावी कानात घालून उभा राहिला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी खरं ते सांगितलं. चोर पकडायला केलं म्हटलं. मिस्त्रीने कपाळावर हात मारला. ढब्बू हसून हसून खोकायला लागला आणि खोकताना त्याची थुंकी माझ्या हातावर उडाली. मी हात थिनरने धुतला.

पण पावलांचं सांगायचं राहिलं. उरलेल्या पुडीत पावलं होती. आत जाणारी, बाहेर येणारी, पुन्हा आत जाणारी. मी माझी चप्पल ठेवून बघितली. सगळी माझ्याच मापाची! म्हणजे तो हलकट माझीच चप्पल घालून आत गेला. काय डोकं लावलं असेल बघा. ढब्बूला एवढी अक्कल आहे असं वाटलं नव्हतं. आता चप्पल उशाशी घेऊन झोपतो. वास येतो, पण इलाज नाही.

खण आणि फळ्या मीच पुन्हा घासतोय. सगळ्या.

१५ तारीख, शनिवार

टेबलाच्या पायांचा रंग कडांवर उडाला. आतलं पांढरं लाकूड डोकावतंय. मिस्त्रीने विचारलं, "कोणी घासलं?" ढब्बू म्हणाला, "मी. पण मी जिथे सोडलं होतं तिथून ते पुढे गेलेलं दिसतंय." आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. असल्या माणसाने डोळा मारला की आंघोळ करावीशी वाटते.

मी बोललो, "कच्चं सोडलं असशील, म्हणून उडालं." मिस्त्री मला म्हणाला, "बांध रंग. शिकलास ना?" बांधला. उजेडात नेला तर काळ्याचा हिरवट झाला, डबक्यातल्या शेवाळासारखा. मिस्त्रीने रिकामा डबा ढब्बूकडे सरकवला. ढब्बूने दुसरा बांधला. तो बरोबर झाला, पण कोणाचाही कधीतरी होतो.

१६ तारीख, रविवार

ताईचा फोन. तिला सगळं सांगितलं. अंगठ्याचं, पावलांचं, रंगाचं. ती ऐकता ऐकता भांडी घासत होती, आवाज येत होता.

मधेच म्हणाली, "तुला आठवतं, तुझ्या गुडघ्याला लागलं होतं? सायकलवरून पडलास तेव्हा."

म्हटलं, "त्याचं आत्ता काय?"

"खपली धरली की तू काढायचास. आई हातावर मारायची, तरी काढायचास. बरं झालंय का बघतो म्हणायचास. पावसाळा गेला, थंडी आली, तरी ते ओलंच. शेवटी आईने तुला बाबांचा पायजमा घालून खालून नाडी बांधली."

"मग?"

"मग भरलं."

मी म्हटलं, "ताई, मी काय सांगतोय, तू काय सांगतेस?" ती म्हणाली, "काही नाही रे. तुझा गुडघा आठवला." हे असं आहे. माणसाचं करिअर पणाला लागलंय आणि घरच्यांना खपल्या आठवतात. तो डाग अजून आहे, रुपयाएवढा. घाणेरडा दिसतो.

पलीकडून दाजी ओरडला, "काय, अहो म्हणायला लागू का?" मी फोन ठेवला.

२० तारीख, गुरुवार

टेबल उभं राहिलं. आता मिस्त्री स्वतः कोट मारतोय, आम्ही दोघं हाताखाली. प्रत्येक कोटानंतर थांबायचं, घासायचं, पुन्हा कोट. मला मधल्या वेळात काय करावं कळत नाही. हातांना मुंग्या आल्यासारखं होतं. आज मी खोली झाडायला घेतली तर मिस्त्री खेकसला, "धूळ उडवतोस? त्या दिवशी पोट भरलं नाही का?" पुसायला घेतली तर म्हणाला, "ओल येईल." मग मी नुसता फेऱ्या मारत होतो. तर म्हणाला, "वारा लागतो."

मग त्याने मला जवळ बोलावलं. दात चोखला. म्हणाला, "चुळबुळ, हात खिशात घाल."

"का?"

"घाल तर. आपल्या धंद्यात निम्मं काम हात खिशात घालून करायचं असतं."

मी घातले. उजव्या खिशाला भोक आहे, अंगठा त्यातून बाहेर. थोडा वेळ उभा राहिलो. म्हातारपणी माणूस आळशी होतो आणि आळसाला ज्ञान समजतो, दुसरं काय. मालकाने हे ऐकलं असतं तर? मी मिस्त्री झालो की इथे कोणाचा हात खिशात दिसणार नाही.

२२ तारीख, शनिवार

शेवटचा कोट झाला. काय सांगू. छतावरचा दिवा टेबलाच्या आत पेटलेला दिसतो. काळं पाणी साचून थांबावं आणि त्यावर डाससुद्धा बसू नये, असं. इथल्या सगळ्या घाणीत, थुंकीत, घामात, एवढी एकच स्वच्छ गोष्ट आहे.

मिस्त्री म्हणाला, "सोमवारी सकाळपर्यंत दार उघडायचं नाही. वरून वाळलेलं वाटेल, आतून ओलं असतं. सोमवारी कंपनीवाले येतील, मालक येईल, मग बघू." माझ्याकडे बघून बोलला. ढब्बूकडे बघून बोलायला हवं होतं.

सोमवारी निकाल. आईला अजून सांगितलं नाही. एकदम सांगेन.

२३ तारीख, रविवार

सुट्टी. ढब्बू जेवून आडवा झाला आणि घोरायला लागला. घोरताना तोंडाच्या कडेला बुडबुडा येतो, फुटतो, पुन्हा येतो. हे बघत बसण्यापेक्षा मी खाली गेलो. पाणी प्यायला.

दाराला नुसती कडी आहे. ढब्बू झोपलाय याचा अर्थ तो कधीही उठून खाली जाऊ शकतो, म्हणजे कोणीतरी लक्ष ठेवायलाच हवं. मी फक्त बघितलं. दारातून नीट दिसत नाही म्हणून आत गेलो. वाकलो. माझं तोंड दिसलं. इतकं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं, दाढीचा केसन् केस. हेच तोंड घेऊन घरी जाईन असं वाटलं.

वाळलं होतं. मला माहीत होतं वाळलंय. म्हणूनच, नुसती खात्री. कडेला लावणार होतो पण कड आधीच वाळते, तिच्यावरून काही कळत नाही. जराच आत. श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ सुद्धा नाही. काही चिकटलं नाही, काही उमटलं नाही. पक्कं बघितलं. माझा हात हलका आहे.

वर आलो तर ढब्बू जागा. डोळे मिटूनच म्हणाला, "प्यालास पाणी?" म्हटलं, "हो." म्हणाला, "बरं," आणि पुन्हा बुडबुडा.

२४ तारीख, सोमवार

लिहवत नाही. लिहितो.

मालकाने मागचं मोठं दार उघडलं. आडवा उजेड टेबलावर पडला. कंपनीचे दोघं साहेब आले होते, बूट चकाचक, टाय वगैरे. एकाने तोंडातून "वा" काढलं. दुसरा वाकला. वाकलेलाच राहिला. मग बोटाने दाखवलं, न लावता.

अंगठा. आदल्या सगळ्या अंगठ्यांसारखा पुसट नाही. काळ्या आरशात सगळं दिसतं. वरून वाळलं होतं, आत दबलं होतं. एकेक रेघ.

मालकाने विचारलं, "कोणाचा?"

मी बोललो. "ढब्बूचा. काल इथे तोच होता."

ढब्बू माझ्याकडे बघत राहिला. चिडला असता तर मी भांडलो असतो. त्याने अंगठा वर केला. बाटलीच्या बुचासारखा रुंद, नखात पॉलिश, अंगठ्यावर काही खूण नाही. तो टेबलावरच्या डागाशेजारी हवेत धरला. मग म्हणाला, "आता तुझा."

माझ्या उजव्या अंगठ्यावर तिरपा कापल्याचा वण आहे. इथे आल्या आल्या पातं लागलं होतं. टेबलावरच्या अंगठ्यातसुद्धा तिरपी रेघ होती. मी हात पुढे केला नाही. खिशात घातला. खिशाला भोक आहे. अंगठा बाहेर आला आणि तो टायवाला त्याच्याकडे असा बघत होता, जसा मी ढब्बूच्या नखांकडे बघतो.

मालक साहेबांना घेऊन पुढे गेला, समजूत घालायला. टेबल आठवड्यानंतर नेणार म्हणाले. मिस्त्रीने दात चोखला. एवढंच.

संध्याकाळी वर आल्यावर मी ढब्बूला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"तू आल्यापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो की. पहिल्याच महिन्यात. तू म्हणालास, माझा हात हलका आहे."

"पुन्हा बोलायचं!"

तो चटईवर पालथा पडला. "खरं सांगू? तूच उमटवायचास, तूच चोर शोधायचास, तूच मागे थांबून घासायचास. आमचं काय जात होतं? वेळेवर जेवायचो."

"मिस्त्रीला?"

"त्यालाही माहीत. म्हणाला होता, चालू दे, पोरगं घासतंय."

म्हणजे एवढे दिवस मी तिथे एकटा घासत होतो आणि हे दोघं वर बसून जेवत होते. मला त्यांची किळस आली. खूप आली. पण ती धरून ठेवता येईना. सारखं लक्ष अंगठ्याकडे जात होतं. असा जाडसर, पिवळट, टोकाला फुगलेला. हा माझ्या हाताला कोणी लावला? मी त्याच्यावर चादर टाकून झोपायला बघितलं.

२५ तारीख, मंगळवार

मिस्त्री गेला. दोन्ही हातांत पिशव्या होत्या. मला म्हणाला, "चुळबुळ, तू घासतोस चांगलं." आणि रिक्षात बसला. एवढ्या वर्षांचं एवढंच. मी रस्त्यावर उभा राहून त्याला शिव्या दिल्या, रिक्षा वळल्यावर.

मालकाने चावी कानातून काढली, बघितली आणि ढब्बूला दिली. ढब्बूने न पुसता खिशात टाकली. मला वाटलं होतं, मला रडू येईल. मला फक्त त्या चावीचा वास आठवत राहिला, जो मी कधी घेतलाच नव्हता.

मालक मला म्हणाला, "तू त्याच्या हाताखाली. जमत नसेल तर सांग." मी म्हटलं, "सांगतो."

२७ तारीख, गुरुवार

अख्खं टेबल पुन्हा घासलं. तेवढ्याच जागेवर कोट मारला तर दिसतो, म्हणून सगळंच. अंगठ्याच्या ठशावरून पॉलिश पेपर फिरवताना आधी जोरात फिरवला. ढब्बू म्हणाला, "हळू. तो कुठे पळतोय?" शेवटी गेला.

दाजीचा फोन. "काय मग? म्हणू का अहो?"

म्हटलं, "थांबा जरा."

मागून ताईचा आवाज, "काय म्हणाला?"

"थांबा म्हणाला."

"आपला हा? थांबा म्हणाला? विचारा, बरं वाटतंय ना त्याला."

ती फोनवर आली तेव्हा मी सांगून टाकलं की मिस्त्री मी नाही, ढब्बू झाला. भांड्यांचा आवाज थांबला होता. मग म्हणाली, "घरी ये म्हणते आई. तसाच ये." मी म्हटलं, "टेबल वाळू दे."

२९ तारीख, शनिवार

शेवटचा कोट पुन्हा झाला. या वेळी ढब्बूने मारला. मी बंदूक धुतली. मग त्याने दोन पत्र्याचे डबे उलटे घातले, वाळवणीच्या खोलीच्या दारात. एकावर तो बसला. दुसऱ्याकडे मान उडवली.

"बस."

"काय करायचं?"

"हात मांडीखाली घाल आणि बस."

बसलो. समोर टेबल, मागे भिंत, भिंतीवर तीच पाल. ढब्बूने ढेकर दिली. कालचं जेवण आज दुसऱ्यांदा माझ्या नाकात. मी म्हटलं, "किती वेळ?" तो म्हणाला, "वाळेपर्यंत." म्हटलं, "कळणार कसं वाळलं ते?" तो म्हणाला, "मला माहीत नाही. सोमवारी वाळलेलं असतं." हे काय उत्तर झालं? असल्या माणसाच्या हाताखाली मी काम करणार!

मांड्यांखाली हात बधिर झाले. टेबलात दिवा दिसत होता, स्थिर. एक चिलट त्याच्यावर घिरट्या घालायला लागलं. मी उठायला लागलो. ढब्बू म्हणाला, "बसेल तर बसेल. ते काढता येतं. तुझं काढता येत नाही." चिलट बसलं नाही. गेलं.

मग तो उठला. "मी जाऊन येतो. पोट बिघडलंय." आणि खरंच गेला! मला तिथे टेबलासमोर एकट्याला टाकून. दार उघडं, कडी निघालेली, चार पावलांवर ते काळं पाणी. मला कळेना हा विश्वास आहे, की परीक्षा, की खरंच पोट.

हात मांडीखालून आपोआप निघाले. मी डाव्याने उजवा धरला. उजवा ओढत होता. चेष्टा नाही, खरंच ओढत होता, जसा कुत्रा वासाकडे ओढतो. मनात सगळं तयार होतं. नुसतं कडेला. हलकेच. खात्री. वाळलंय की नाही हे कोणीतरी बघायला नको का? सगळं अगदी बरोबर वाटत होतं, नेहमी वाटतं तसंच. तेच घाणेरडं होतं.

मग मी अंगठा तोंडात घातला.

मुळापर्यंत. दात दाबून. थिनर, काळा रंग, पॉलिश पेपरची पूड, घाम, सगळ्याची मिळून एक चव आली. इतकी घाण चव मी आयुष्यात घेतली नव्हती. डोळ्यांतून पाणी आलं. जिभेला तो वण लागत होता, तिरपा. थुंकावंसं वाटत होतं, पण थुंकायचं तर तोंड उघडावं लागलं असतं.

जिन्यावर चपलांचा आवाज झाला. मिस्त्री पोट हलकं करून परत आले. दारात थांबले, माझ्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. हात पायजम्याला पुसत डब्यावर बसले. काही बोलले नाहीत.

मीही बोललो नाही. बोलता येतच नव्हतं.